धरणाच्या वरचे पाडे

जून संपत आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक लहानसा तक्ता छापून येऊ लागतो. ऊर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी अशी सात नावे, त्यांपुढे भरून वाहण्याची पातळी, आजची पातळी आणि उपयुक्त साठा. आम्हा उपनगरातल्या माणसांना तो तक्ता वाचण्याची सवय असते, कारण पाणीकपात उठणार की वाढणार हे त्यावरून कळते. सातही जलाशय काठोकाठ भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर साठा होतो आणि त्यातला जवळजवळ अर्धा, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचा असतो. विहार आणि तुळशी मुंबईच्या हद्दीत आहेत, पण त्यांचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळे पाणी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि त्याला लागून असलेल्या मोखाडा, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतून येते. त्या तालुक्यांतल्या विहिरींसाठी या तक्त्यात रकाना नसतो, आणि तो असावा असे मला गेली काही वर्षे फार वाटू लागले आहे.

शहापूर तालुक्यात माझे जाणे-येणे सुरू झाले ते तिथल्या एका आश्रमशाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीमुळे. कसाऱ्याची लोकल धरायची, आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला उतरायचे आणि पुढे मिळेल त्या जीपने आत जायचे, असा तो प्रवास. पावसाळ्यात गेलात तर या मुलखाला पाण्याची टंचाई असेल यावर विश्वास बसत नाही. माहुलीच्या कड्यांवरून पाणी कोसळत असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची भातखाचरे तुडुंब असतात आणि ओढे ओलांडताना जीपचा चालक दोनदा विचार करतो. चार महिन्यांत इथे सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या एखाद्या गावाला तीन वर्षांत मिळते तेवढे पाणी इथे एका मोसमात उतरते. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, हरभरा होतो. दिवाळी सरते, थंडी येते, ओढे बारीक होत जातात आणि होळी पेटेपर्यंत पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो.

त्यानंतरचे तीन महिने मी जेवढे पाहिले तेवढेच सांगते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू आणि गोटे बाजूला सारून हातभर खोल खड्डा करतात, त्याला तिकडे डवरा म्हणतात. त्यात पाणी झिरपून जमते, ते वाटीने किंवा नारळाच्या करवंटीने हंड्यात भरायचे. एक हंडा भरायला कधी पाव तास लागतो, कधी अर्धा. पहिल्या बाईचा हंडा भरला की दुसरी बसते, आणि जिचा नंबर शेवटचा तिच्यासाठी डवरा पुन्हा भरेपर्यंत रात्र झालेली असते. म्हणून काही जणी पहाटे तीन-चारलाच उठून येतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि कडेला मूल अशी चढण चढून आलेल्या एका बाईंना मी भाबडेपणाने विचारले होते की धरण एवढे जवळ असताना इथे अशी वेळ का यावी. त्यांनी हंडा उतरवला, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "धरणात पाणी हाय की ताई. पन ते वर कोन आननार?"

मला वाटते, या तालुक्याच्या टंचाईबद्दल जे काही विचारायचे ते त्या प्रश्नात आले आहे, आणि त्याचे उत्तर भूगोलापासून सुरू होत असले तरी भूगोलापाशी संपत नाही.

भूगोल असा आहे. सह्याद्रीचा हा उतार काळ्या बेसाल्टचा आहे. त्यावर मातीचा थर पातळ, त्याखाली थोडा मुरूम आणि मग सलग कातळ. पाणी मुरायला जागा कमी आणि उतार तीव्र, त्यामुळे पडलेला पाऊस काही तासांत ओढ्यात, ओढ्यातून भातसा किंवा वैतरणेत आणि तिथून धरणात जाऊन पोचतो. कातळाच्या भेगांत थोडेफार पाणी राहते, झऱ्यांना ते माघ-फाल्गुनापर्यंत पुरते. विंधन विहिरी खोदल्या जातात, पण भेग लागली तर पाणी, नाही तर नुसती धूळ, आणि लागलेले पाणीही एप्रिलपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. धरणे अर्थातच दऱ्यांच्या तळाशी बांधली जातात आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे उतारांवर आणि माथ्यांवर आहेत. जलाशयाच्या पाण्यापासून सरळ रेषेत चार किलोमीटरवर असलेला पाडा उंचीने त्याच्यापेक्षा शंभर-दोनशे मीटर वर असू शकतो. जे पाणी मुंबईला उतरत जाते ते पाड्याला चढून यावे लागते.

पण चढवणे अशक्य आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने भातसाचे पाणी मुंबईपर्यंत कसे पोचते ते पाहावे. तानसा आणि वैतरणेचे पाणी मुख्यतः उताराने शहराकडे येते. भातसाचे पाणी मात्र धरणातून नदीत सोडले जाते, नदीतून वाहत ते भिवंडी तालुक्यात पिसे येथे अडवले जाते आणि तिथून प्रचंड पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्राकडे ढकलले जाते. म्हणजे मुंबईसाठी पाणी रात्रंदिवस उपसले जाते, त्याचे वीजबिल भरले जाते, पंप बिघडला तर काही तासांत दुरुस्तीची धावपळ होते आणि त्याची बातमीही येते. पाणी उचलण्याची विद्या, यंत्रे आणि माणसे या खोऱ्यात आहेत. ती कुणासाठी वापरायची हे कधीतरी ठरवले गेले आणि त्या ठरवण्यात वरच्या पाड्यांची गणना झाली नाही.

ते ठरवणे एका दिवसात झालेले नाही. मुंबईला पहिले विहार तलावाचे पाणी मिळाले १८६० मध्ये. शहर वाढले, तुळशी झाला, तोही पुरेना, तेव्हा इंग्रज सरकारची नजर शंभर किलोमीटरवरच्या खोऱ्यांकडे गेली आणि १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले. स्वातंत्र्यानंतर तीच वाट आणखी रुंद होत गेली. वैतरणेवर १९५७ मध्ये झालेल्या धरणाच्या जलाशयाला महापालिकेचे अभियंता मोडक यांचे नाव मिळाले, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आले, ऐंशीच्या दशकात भातसाचे पाणी आले आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणेचे लोकार्पण झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामे मोठी आहेत आणि ज्यांनी ती उभी केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मुंबईसारखे शहर त्यांच्याशिवाय एक महिनाही जगले नसते. तरीही इतक्या पिढ्यांच्या कामात प्रत्येक वेळी शहराची पुढच्या पंचवीस वर्षांची तहान मोजली गेली आणि पाणलोट क्षेत्रातल्या माणसाची आजची तहान मोजायची राहून गेली, हे आपण आता तरी स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जमिनी गेल्या त्या गेल्याच. जे बुडीत क्षेत्राच्या काठावर उरले त्यांना वाटले होते की घर गेले नाही, निदान पाणी तरी दारात आले. ते दारात आले, पण घरात आले नाही.

त्यांच्या वाट्याला येतो तो टँकर. दरवर्षी जिल्हा प्रशासन टंचाई आराखडा करते: कुठे विंधन विहीर, कुठे खाजगी विहिरीचे अधिग्रहण, कुठे तात्पुरती पूरक नळ योजना आणि बाकी सर्वत्र टँकर. शहापुरात असे टँकर लागणारी गावे आणि पाडे शंभराहून अधिक असतात आणि ही नावे वर्षानुवर्षे फारशी बदलत नाहीत. मी पाहिलेला टँकर भातसा नदीच्या काठावरच्या उद्भवावरून, म्हणजे पाणी उचलण्याच्या जागेवरून, भरून येत असे, म्हणजे पाणी त्याच नदीचे, फक्त डिझेल जाळून आणलेले. टँकरसाठी सरकारी हिशेब माणशी रोज वीस लिटरचा आहे. शहरासाठीचा मापदंड १३५ लिटरचा आहे आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर नळाने देण्याचे ठरवले आहे. वीस लिटरमध्ये पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, कपडे आणि शौच हे सगळे बसवायचे. घरात बाळंतीण असली किंवा कुणी तापाने पडले तरी आकडा तोच राहतो.

हे पाणी बहुतेक ठिकाणी घरोघर वाटले जात नाही, ते कोरड्या विहिरीत ओतले जाते. मग पोहरे आणि दोऱ्या घेऊन सगळा पाडा काठावर जमतो, कारण कातळ ते पाणी पिऊन टाकण्याआधी शेंदून घ्यावे लागते. काठावर धक्काबुक्की होते, शब्दाला शब्द वाढतो, वर्षभर एकमेकींच्या शेतावर आवणीला जाणाऱ्या बायका त्या अर्ध्या तासात एकमेकींच्या वैरिणी होतात. तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि गढूळ पाणी फडक्याने गाळून पिंपात भरले जाते. पहिला पाऊस पडून गेला की जुलाब आणि कावीळ का येतात, हे आरोग्य केंद्रात विचारण्याची गरज पडत नाही.

बायकांच्या शरीरावर याचे जे होते त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. भरलेला हंडा आणि कळशी मिळून वीस-पंचवीस किलो ओझे होते, आणि ते बारा-तेराव्या वर्षापासून सुरू होते. चाळिशीतल्या बायका मानेच्या, कमरेच्या दुखण्याबद्दल अशा बोलतात जणू ते वयाबरोबर आलेले असावे. अंग बाहेर येण्याची तक्रार त्या माझ्या मैत्रिणीला सांगतात, डॉक्टरला नाही, आणि सांगतानाही आवाज खाली जातो. बाळंतपणानंतर किती दिवसांनी पुन्हा पाण्याला गेलात असे विचारले तर उत्तर आठवड्यांत येत नाही, दिवसांत येते. मुलींची शाळा मार्च-एप्रिलमध्ये गळते, तेव्हा हजेरीपटावर कारण "घरकाम" असे लिहिले जाते. मैत्रीण म्हणते, वार्षिक परीक्षेचे दिवस आणि विहिरी आटण्याचे दिवस एकच आहेत, त्यामुळे कुठल्या मुली पहिल्या तासाला झोपेला आलेल्या असतील हे तिला वर्गात शिरण्याआधीच ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या डेंगणमाळ या गावावर देशी-परदेशी वृत्तसंस्थांनी बातम्या केल्या. घरात पाणी भरायला माणूस हवे म्हणून एका पुरुषाने दुसरे, तिसरे लग्न करायचे आणि त्या बायकांना "पाणीवाल्या बाया" म्हणायचे, अशी ती बातमी होती. छायाचित्रे जगभर गेली. विधवा किंवा टाकलेल्या बाईने केवळ निवाऱ्यासाठी असे लग्न पत्करावे, यातले दुःख मला समजते आणि ते जगाला कळले याबद्दल तक्रार नाही. पण त्या बातम्यांत प्रथेचे कुतूहल जास्त आणि पाण्याचा हिशेब कमी होता. भातसाचे पाणी कुठे जाते, ते किती आहे आणि त्या गावापर्यंत आणायला काय लागेल, हे वाचकाला फारसे कळत नव्हते. एखाद्या समाजाला विचित्र ठरवले की त्याच्या अडचणीचे कारणही आपण त्याच्याच चालीरीतींत शोधू लागतो, आणि मग नळ कुठे गेला हे विचारायचे राहते.

लग्नांवर पाण्याचा परिणाम दुसऱ्याही बाजूने होतो. ज्या पाड्यावर उन्हाळ्यात डवऱ्यावर बसावे लागते तिथे मुलगी द्यायला लोक नाराज असतात, आणि मुलाचे लग्न ठरले तर हळदीच्या दिवशी टँकर विकत आणण्याचा खर्च मांडवाच्या खर्चाआधी काढून ठेवावा लागतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्याचे पहिले कारण रोजगार हे खरे, पण मालक आगाऊ पैसे देतो आणि भट्टीवर पाणी असते, हे दोन्ही एकाच श्वासात सांगणारी माणसे मला भेटली आहेत. कुटुंबाबरोबर मुले जातात, पाड्यावर म्हातारी माणसे उरतात आणि मग त्या म्हाताऱ्या माणसांना ओढ्यापर्यंत उतरून पाणी आणावे लागते. एका आजींनी तीन शेळ्या विकल्या, कारण स्वतःपुरते पाणी आणणे जमत होते, शेळ्यांचे जमत नव्हते.

नळ योजना झाल्याच नाहीत असे नाही. पाड्यापाड्यावर टाक्या दिसतात, काहींवर योजनेचे नाव आणि साल अजून वाचता येते. यातल्या पुष्कळ योजनांचा उद्भव गावातलीच विहीर असतो, आणि ती आटली की टाकीला अर्थ उरत नाही. ज्या योजना नदीवरून किंवा जलाशयावरून पाणी उचलतात त्या वीजबिलावर अडतात. तीस-चाळीस घरांच्या पाड्याकडून पाणीपट्टी किती जमणार आणि त्यातून दोन टप्प्यांच्या पंपाचे बिल कसे भरणार? थकबाकी वाढते, जोडणी तुटते, पंप गंजतो, आणि पुढच्या आराखड्यात पुन्हा टँकर येतो. टँकरवर दर उन्हाळ्यात खर्च होणारा पैसा उपशाच्या बिलावर खर्च करता येत नाही, कारण तो आपत्तीच्या खात्यातला आणि हा देखभालीच्या खात्यातला. ही रचना माणसांनीच केलेली आहे आणि ती बदलणे कातळ फोडण्याइतके अवघड नाही.

आता सगळ्या आशा भावलीच्या पाणी योजनेवर आहेत. भावली धरण इगतपुरी तालुक्यात, कसारा घाटाच्या वर आहे, त्यामुळे तिथून पाणी उताराने शहापूरच्या गावांपर्यंत येऊ शकते आणि उपशाचे बिल बरेचसे टळते. शंभराच्या आसपास गावे आणि अडीचशेच्या आसपास पाडे या योजनेत धरले आहेत. मंजुरी मिळून वर्षे लोटली, काम चालू आहे, मुदती पुढे सरकत आहेत. योजना पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते. तरी तिच्यातली एक गोष्ट टोचत राहते. भावलीचे पाणी दारणा नदीमार्गे गोदावरीच्या खोऱ्याचे आहे. ज्या खोऱ्यात नाशिक, नगर आणि मराठवाडा एकमेकांशी दर वर्षी पाण्यावरून भांडतात, त्या तुटीच्या खोऱ्यातून शहापूरला पाणी आणायचे, कारण शहापूरचे स्वतःचे, मुबलक, पश्चिमेला वाहणारे पाणी आधीच शहरांच्या नावावर लागलेले आहे. इगतपुरीतल्या लोकांनी या योजनेला विरोध केला तेव्हा त्यांना आडमुठे म्हणणे सोपे होते, पण त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

मुंबईत सगळ्यांना पाणी सारखे मिळते असा समज कुणी करून घेऊ नये. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर किंवा त्याहून थोडे अधिक पाणी येते, आणि त्यातला पाव हिस्सा, कदाचित अधिकच, गळती आणि चोरीत जातो असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. दुसरीकडे, ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारता येणार नाही, हे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि "सर्वांसाठी पाणी" हे धोरण महापालिकेने २०२२ मध्ये आणले. वीटभट्टीवरून पुढे सरकून शहराच्या कडेला झोपडी बांधणाऱ्या शहापूरच्या कुटुंबाला त्याच भातसाच्या पाण्यासाठी मुंबईतही रांगेत उभे राहावे लागते. असे असताना पुन्हा नवे धरण, वाडा तालुक्यात गारगाई, हाच पुढचा उपाय म्हणून समोर येतो. तानसा अभयारण्यातली झाडे आणि ओगदे गावची वस्ती त्यात जाणार आहे. आहे ती गळती आधी थांबवा, असे म्हणणाऱ्यांना विकासाचे विरोधक ठरवले जाते, याचे मला वाईट वाटते.

आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत मी यंदा एक सूचना मांडली. महापालिकेचा घरगुती पाण्याचा दर हजार लिटरमागे दहा रुपयांच्याही आत आहे. मे महिन्यात एका पाड्यावर दोनशे लिटरचे पिंप साठ रुपयांना विकत घेतलेले मी पाहिले होते, म्हणजे हजार लिटरला तीनशे. आपल्या दरात थोडी वाढ करून पाणलोट क्षेत्रातल्या गावांच्या उपसा योजनांचा चालू खर्च महापालिकेने उचलावा, अशा आशयाचे पत्र सोसायटीतर्फे पाठवू या, असे मी सुचवले. काहींना ते पटले, काहींनी पुढच्या विषयाकडे वळायला सांगितले. खजिनदारांनी विचारले की हे पैसे पाड्यापर्यंत पोचतील याची खात्री काय. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, पैसे वाटायचेच नाहीत. ठाणे-भिवंडीला आणि जलवाहिनीलगतच्या काही गावांना महापालिका आजही आपल्या पाण्यातून वाटा देते. पिसे येथील पंप जसे तिच्या अंदाजपत्रकात आहेत, तिचेच अभियंते ते चालवतात आणि तिच्याच नावाने वीजबिल येते, तसेच तानसा आणि भातसाच्या जलाशयांवरचे हे छोटे पंप तिच्या खात्यावर घ्यावेत. पाड्याच्या वाट्याला फक्त टाकीखालचा नळ सांभाळणे यावे. पत्राचा मसुदा खजिनदारांनीच लिहायला घेतला आहे आणि शेजारच्या तीन सोसायट्यांनी त्याची प्रत मागितली आहे.